समूच्या वाढदिवसाला आलेला बिबट्या

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी संध्याकाळच्या जेवणाला एक लढाई होते. आई हातात घास धरून बसलेली असते आणि लहान मूल तोंड घट्ट मिटून. मग कुणाच्या घरी मोबाइल बाहेर निघतो, कुणाच्या घरी पोलीसकाका. जुन्नर तालुक्यात मीना नदीकाठच्या एका मळ्यात, आदेशच्या घरी, बिबट्या निघायचा.

आदेश आळेफाट्याला एका गॅरेजात ट्रकची कामं करायचा. एकतीस वर्षांचा, कामाला वाघ, स्वभावानं हसरा माणूस. सातला घरी आला की हातपाय धुऊन तो आधी पोरीच्या ताटाकडे बघायचा. समृद्धी, म्हणजे घरातली समू, पाचाला टेकलेली. दोन घास खायची आणि तिसऱ्याला मान फिरवायची. मग आदेश काही न बोलता उठायचा, मागच्या पत्र्याच्या दाराआड जायचा आणि नखांनी पत्रा खरवडायचा. घशातून करवत ओढल्यासारखा आवाज काढायचा. आत समूचे डोळे विस्फारायचे. भाकरीचा तुकडा न चावताच खाली जायचा. ताट रिकामं झालं की आदेश परत यायचा.

"कोण आलं व्हतं गं?"

"बिबट्या," समू पुटपुटायची.

"मग?"

"मी जेवले. गेला तो."

आदेशला याचं मोठं कौतुक होतं. गॅरेजात चहा पिताना तो सांगायचा, "आमची पोरगी एका मिनिटात ताट साफ करती. मोबाइल न्हाई, काय न्हाई."

आणि तिथला बिबट्या काही गोष्टीतला नव्हता. घरामागं वीस पावलांवर ऊस उभा होता. दोन वर्षांत वस्तीवरची चार कुत्री गेली होती. शेजारच्या संपतची शेळी तर दावणीवरून उचलली गेली होती. दिवस मावळला की माणसं अंगणातसुद्धा बॅटरी घेऊन, मोठ्यानं बोलत निघायची. त्यामुळं कुणी टोकलंच तर आदेशचं उत्तर तयार असायचं. "उसाच्या कडंला राहायचं तर पोराला भ्या पायजेलच."

टोकायच्या त्या एकट्या लंकाबाई. अठ्ठावीस वर्षं वस्तीवरची अंगणवाडी चालवणाऱ्या. आदेश त्यांच्या पहिल्याच तुकडीतला, म्हणून अजून त्याला नावानं हाक मारायच्या आणि नजरेनं दटावायच्या.

डिसेंबरात समूला पाच वर्षं पूर्ण होणार होती. तिच्या आईनं, श्रेयानं, कुठंतरी मोबाइलवर जंगलाच्या सजावटीचा वाढदिवस पाहिला होता. मंचरच्या बाजारात तसलं सामान तयार मिळत होतं, पण तिनं ठरवलं, सगळं घरीच करायचं. फ्रिजच्या खोक्याचा हत्ती झाला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर हरणाचे, माकडाचे, मोराचे मुखवटे रंगवले गेले. केळीची पानं आणि एरंडाच्या फांद्या वाढदिवसाच्या दिवशी आणायच्या होत्या. समू दिवसभर आईच्या मागं मागं डिंकाची वाटी घेऊन फिरायची. तिला स्वतःला ससा व्हायचं होतं. तिनं आईला एकच अट घातली होती.

"आपल्या जंगलात बिबट्या नको."

"न्हाई आणायचा," श्रेया म्हणाली होती.

आदल्या रविवारी लंकाबाई मुखवटे कापायला आल्या. कात्री चालवता चालवता त्यांनी आदेशकडं पाहिलं.

"आदेश, मंगळवारी अंगणवाडीत काय झालं, श्रेयानं सांगितलं का?"

"काय?"

"एका पोरानं खेळता खेळता दारावर पट्टी घासली. तुझी समू टेबलाखाली जाऊन बसली. अर्धा तास बाहेर यायला तयार न्हाई. कपडे ओले झालेले. मी विचारलं काय झालं, तर तोंडातून शब्द फुटंना."

आदेश जरा ओशाळला, पण हसला. "लहान हाय ताई अजून. व्हईल धीट."

"धीट कशी व्हईल? तूच रोज दार खरवडतोस."

"ताई, मागच्या साली संपतभाऊच्या गोठ्यात काय झालं, तुमी बघितलंय. उद्या ही अंधारात एकटी बाहेर पडली तर? त्यापरीस भ्यालेली बरी."

लंकाबाईंनी कात्री खाली ठेवली. "बाहेर जाऊ नको, का जाऊ नको, गेलीस तर काय करायचं, हे शिकवणं म्हंजी जपणं. तू जे करतोस ते जपणं न्हाई. तुझी पोर तुझं ऐकत न्हाई, आदेश. ती नुसती गप व्हती."

आदेशनं विषय हसण्यावारी नेला. लंकाबाई गेल्यावर तो श्रेयाला म्हणाला, "शिकवणं त्यांचं काम हाय, शिकवू दे. पोर आपली हाय."

श्रेयाला लंकाबाईंचं पटत होतं, पण ताट लवकर रिकामं व्हायचं हे तिलाही सोयीचं होतं.

वाढदिवसाच्या दिवशी पोरांना साडेचारला बोलावलं होतं, म्हणजे उजेड आहे तोवर सगळी घरी पोचतील. पडवीत हिरवंगार जंगल उभं राहिलं. अकरा पोरं आली. लंकाबाई त्यांना घेऊनच आल्या. समूच्या डोक्यावर कापसाचे पांढरे कान होते आणि ती एकेकाला हत्ती दाखवत होती, "ह्याची सोंड मी चिकटवली." श्रेयानं कुकरमध्ये केलेला केक मधोमध ठेवला. आदेशची वाट बघणं चाललं होतं.

आदेश आला होता. गोठ्यात लपला होता. जंगल करायचं आणि तेही आपल्या जुन्नरात, आणि त्यात बिबट्या नाही, हे त्याला काही पटलं नव्हतं. गॅरेजात दुपारच्या सुट्टीत त्यानं एका पिवळ्या चादरीवर काळ्या ऑइलपेंटचे ठिपके काढले होते. रंगपंचमीचा उरलेला पिवळा रंग त्यानं तोंडाला आणि हाताला फासला, गालावर काळे पट्टे ओढले. त्याच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. पोरं खूश होतील, समू आधी दचकेल, मग पप्पांना ओळखून हसेल, असं त्याला वाटत होतं.

तो चार पायांवर रांगत पडवीच्या दाराशी आला. दाराशेजारचा पत्रा खरवडला. तो रोजचा आवाज काढला आणि उडी मारून आत शिरला.

पोरं किंचाळली आणि लगेच खिदळायला लागली. कुणी त्याला फुगा मारला, कुणी पाठीवर चढलं. आदेशनं मान वळवून समूला शोधलं. ती हत्तीजवळ उभी होती. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मग ती दिसेनाशी झाली. आईकडं गेली असेल, असं त्याला वाटलं. पाठीवरच्या पोरांना घेऊन त्यानं आणखी दोन फेऱ्या मारल्या.

श्रेया स्वयंपाकघरातून काडेपेटी घेऊन आली.

"समू कुठंय?"

"तुझ्याकडं आली ना?"

"न्हाई."

मागचं दार सताड उघडं होतं.

दाराबाहेर बांध, बांधापलीकडं वीस पावलांवर ऊस. सूर्य डोंगराआड उतरत होता आणि उसाच्या शेंड्यांवर तेवढा पिवळा उजेड उरला होता. श्रेयानं "समू" म्हणून जी हाक मारली, तिनं पडवीतली पोरं एकदम गप्प झाली.

आदेशचे वडील कुशाबा काठी टेकत बाहेर आले. "उसात एकट्यानं कुणी शिरायचं न्हाई," ते म्हणाले. "संपतला बोलवा. वनखात्याला फोन लावा. आन बॅटऱ्या आणा."

संपत पळतच आला. त्याच्या मागोमाग वस्तीवरची सात-आठ माणसं. संपत आदेशला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "परवा पाटाच्या चारीच्या कडंला ठसे बघितले मी. तुला सांगायचं राहिलं."

आदेशनं अंगावरची चादर ओरबाडून फेकली. माणसं ताटल्या, डबे वाजवत उसाच्या कडेनं निघाली. संपतचं कुत्रं बांधावर उभं राहून उसाकडं तोंड करून गुरगुरत होतं. उसात कुठंतरी वाळलेलं पाचट वाजलं आणि सगळे जागच्या जागी थबकले. वारा होता, की आणखी काही, कुणाला सांगता येईना.

"समू! मी हाय गं, पप्पा! ये बाहेर!"

उत्तर नाही.

तो पुन्हा ओरडला. पुन्हा. घसा फाटेस्तोवर ओरडला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. उजेड भरभर कमी होत होता. आणि अशीच एक हाक मारता मारता आदेश एकाएकी थांबला. त्याला दिवाळीतली एक संध्याकाळ आठवली. त्यानं बाहेरून हाक मारली होती आणि समू अंधारात एकटीच धावत आली होती. तेव्हा त्यानं तिला उचलून बजावलं होतं, "बिबट्याला पप्पांचा आवाज काढता येतो. बाहेरनं कुणीबी हाक मारली, अगदी पप्पांनी, मम्मीनी, तरी ओ द्यायची न्हाई. गप लपून बसायचं."

पोरगी जिवंत असेल तर ती ऐकत होती. आणि बाप हाक मारतोय म्हणूनच गप्प बसली होती.

तो धावत परत आला. लंकाबाई अकरा पोरांना पडवीत घेऊन बसल्या होत्या. जाळीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं.

"ताई, ती ओ देणार न्हाई," आदेश जाळीला धरून म्हणाला. दिवाळीत तिला काय बजावलं होतं, ते त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्याची मान वर होईना. श्रेया त्याच्याकडं बघत राहिली, जणू हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता.

लंकाबाईंनी कुशाबांना सांगितलं, "आबा, ते डबे वाजवणं आधी बंद करा. तिला वाटत असंल, बिबट्या तिलाच शोधायला आलाय. सगळ्यांना गप उभं राहू द्या."

"डबं थांबलं आन खरंच उसात काय असलं तर?" संपत म्हणाला.

"माणसं कडेला उभी राहू द्या. बॅटऱ्या चालू ठेवा. पण आवाज नको." मग त्या पोरांकडं वळल्या. "एकट्याची हाक तिला खोटी वाटंल. अकरा पोरांची वाटणार न्हाई. चला रे, हजेरी घेऊ. रोज देता तशी. मोठ्यानं."

पोरं जाळीला लागून ओळीत उभी राहिली. त्यांच्या तोंडावर अजून हरणा-माकडांचे मुखवटे होते. लंकाबाईंनी पहिलं नाव घेतलं.

"हजर, ताई."

दुसरं घेतलं. "हजर, ताई." बाहेर दहा-बारा माणसं श्वास रोखून उभी होती. तिसरं, चौथं. एका पोरीला रडू फुटत होतं, तरी तिनं हजेरी दिली. लंकाबाईंचा आवाज अंगणवाडीत असतो तेवढाच होता, ना घाई, ना कंप. अकरावं नाव झालं.

"समृद्धी."

काही नाही. कुत्रं गुरगुरायचं थांबलं होतं. श्रेयानं तोंडावर पदर दाबून धरला.

"समृद्धी," लंकाबाईंनी परत त्याच आवाजात नाव घेतलं.

"हजर, ताई."

आवाज अगदी बारीक होता आणि उसातून आला नव्हता. घराच्या डाव्या अंगाला कांद्याची रिकामी चाळ होती. हवा खेळायला तिचा तळ जमिनीपासून दीड हात वर उचललेला. त्या तळाखालच्या अंधारातून आवाज आला होता.

सगळ्यांच्या आधी आदेश पोचला. आडवा पडून त्यानं बॅटरी आत मारली. समू अगदी आतल्या कोपऱ्यात अंगाची मुटकुळी करून बसली होती. तिनं त्याचं पिवळं तोंड पाहिलं, गालावरचे काळे पट्टे पाहिले आणि ती अशी किंचाळली की आदेशच्या हातातली बॅटरी खाली पडली. ती आणखी मागं सरकली. तिचं डोकं वरच्या लाकडावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"तू बाजूला हो," श्रेया म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं होतं.

आदेश उठला. त्याला स्वतःच्या पोरीला बाहेर काढता येत नव्हतं. तो काठी घेऊन उसाकडं तोंड करून उभा राहिला, तिच्याकडं पाठ करून. मागं श्रेया चाळीखाली रांगत गेलेली त्याला ऐकू येत होती. "मी हाय गं. मम्मी हाय. हात लावून बघ." मग बराच वेळ नुसतं हुंदके देणं. रंग डोळ्यांत उतरत होता की पाणी होतं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

माणसांनी पोरांना टोळक्यानं ज्याच्या त्याच्या घरी पोचवलं. केक तसाच राहिला. समूच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, गुडघे खरचटले होते, बाकी काही नव्हतं. ती आईच्या कुशीतच झोपली आणि झोपेत दोनदा दचकली.

आदेश ओट्यावर बसला होता. साबणानं घासून घासून तोंड लाल झालं होतं, तरी कानामागं पिवळं राहिलंच होतं. लंकाबाई निघता निघता त्याच्याजवळ थांबल्या.

"बोला ताई. काय बोलायचं ते बोला."

"मी काय बोलू? मी पण तुझ्यातलीच," लंकाबाई शेजारी बसल्या. "माझा मुलगा लहान असताना मी त्याला सुईचं भ्या घालायची. मस्ती केली की डॉक्टर सुई टोचंल. लई गुणी झाला व्हता पोरगा. सात वर्षांचा असताना त्याला कुत्रं चावलं. त्यानं मला सांगितलंच न्हाई. पायाला फडकं बांधून चार दिवस लपवलं. आंघोळ घालताना माझ्या नजरेला पडलं. तालुक्याला नेला, लस दिली, वाचला. डॉक्टर म्हणाले, बाई, नशीब थोर तुमचं." त्यांनी पदर सारखा केला. "अजून सुद्धा तो मला काय सांगत न्हाई बघ. पंचविशी उलटली त्याची. काही बिघडलं की आधी लपवतो. ती सवय मीच लावली."

आदेशनं आत, समू झोपली होती तिकडं पाहिलं.

"पोराला भ्या घातलं की आपलं काम सोपं व्हतं, आदेश. पण पोराच्या मनात संकट आन आईबाप एकाच बाजूला जाऊन बसतात. मग त्यानं हाक मारायची कुणाला?"

सकाळी वनखात्याची माणसं आली. बांध, चारी, उसाची कड, सगळं त्यांनी हिंडून पाहिलं. जुने ठसे चारीपलीकडं होते, ताजा एकही नव्हता. "काल ह्या बाजूला काय फिरकलेलं न्हाई, भाऊ," त्यांच्यातला एक जण म्हणाला. आदेशनं मान हलवली. काल संध्याकाळी या घरात एकच बिबट्या आला होता आणि तो कोण होता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

समू दोन दिवस त्याच्याजवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, चांगल्या उन्हात, तो तिच्यापासून थोडा लांब ओट्यावर बसला.

"समू, बिबट्याला माणसासारखं बोलता येत न्हाई. पप्पा खोटं बोलले तुला."

ती आपल्या नखांकडं बघत होती. "मग दार कोण वाजवायचं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

तिनं गुडघे पोटाशी घेतले. "मला पोटात दुखायचं," ती शेवटी म्हणाली.

आदेशनं आजवर मोठमोठ्या माणसांच्या शिव्या ऐकल्या होत्या, पण कशानं तो असा ढासळला नव्हता. "चुकलो मी," तो म्हणाला. "परत न्हाई करणार. कधीच न्हाई."

नुसत्या माफीनं पोराचं मन लगेच जाग्यावर येत नाही. तीन आठवडे समू आईच्याच हातून जेवली. ताट कधी अर्धं उरायचं, कधी जेवण तासभर चालायचं. आदेश शेजारी बसून राहायचा. कधी राग यायचा, घसा शिवशिवायचा, पण तो पाणी पिऊन गप्प राहायचा. रविवारी दिवसाउजेडी तो तिला घराभोवती फिरवू लागला. दिवस मावळल्यावर कुठवर जायचं, कुठं नाही, ते दाखवलं. एकटं जायचं नाही, मोठ्यानं बोलत जायचं. लांबून बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, ओरडून आम्हाला बोलवायचं, आम्ही येणारच. मग लंकाबाईंच्या सांगण्यावरून अंगणवाडीतल्या सगळ्याच पोरांना त्यानं हे शिकवलं. आधी पालकांसमोर उभं राहून, आपण काय केलं होतं ते न लपवता सांगितलं. ऐकताना चार-पाच बापांनी माना खाली घातल्या. त्यातल्या दोघांच्या घरी भूत होतं, एकाच्या घरी पोतं घेऊन येणारा म्हातारा.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी लाइट गेली. आदेश अंधारात मेणबत्ती शोधत होता. तेवढ्यात त्याच्या शर्टाला मागून कुणीतरी ओढलं.

"पप्पा, मला भ्या वाटतंय," समू म्हणाली. "मला संडासला जायचंय. तुमी चला ना."

इतक्या वर्षांत तिनं त्याला आपली भीती कधी सांगितली नव्हती. आदेशनं बॅटरी घेतली, तिचा हात धरला आणि दोघं मोठमोठ्यानं बोलत अंगणात निघाले.

वाचकहो, आपली मुलं उसाच्या कडेला राहोत की शहरातल्या चौथ्या मजल्यावर, जगात त्यांना घाबरवणारं पुष्कळ काही आहे. त्यांना त्याची जाणीव द्यायलाच हवी, पण खरी आणि उपायासकट. आपल्या सोयीसाठी, दोन घास लवकर संपावेत म्हणून, त्यांच्या मनात खोटी भीती पेरायचा अधिकार आपल्याला नाही. भेदरलेलं मूल शहाणं झाल्यासारखं दिसतं, पण ते आपल्यापासून लपायला शिकलेलं असतं. संकटाच्या वेळी लेकरानं आपल्याकडं धावत यावं असं वाटत असेल, तर त्याच्या मनातली ती वाट आजच मोकळी ठेवू या.